खोली सातचं जादा काम

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तुझे कान पार गेले आणि फोन आला की तू रिसीव्हर सूनबाईच्या हातात कोंबतेस, असं कळलं. म्हणजे तुझ्याशी भांडायचं तर मला आता कागद काळा करणं आलं. माझं अक्षर तुला माहीत आहे, तेव्हा चष्मा लावून बस.

दवाखान्याचं काम घेतलंय. खाली मोठा हॉल, तपासणीच्या खोल्या, वर रुग्णांचा मजला. तळमजल्याचा स्लॅब पडला, वरच्या भिंती सुरू आहेत. मालक म्हणजे तेच डॉक्टर, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी हिला मरणाच्या दारातून अक्षरशः ओढून परत आणलं. त्या वेळी त्यांनी फीचा विषयसुद्धा काढला नाही. आता ते रोज सकाळी साइटवर येतात, हात मागे बांधून फिरतात आणि जाता जाता एखादं काम वाढवून जातात. "ही भिंत इकडे घ्या." "इथे एक संडास काढा." मी विचारतो, साहेब, हे नकाशात नाही. ते म्हणतात, करून टाका हो, आपल्यात काय.

आता मला सांग, ज्या माणसामुळे बायको घरात हिंडते-फिरते, त्याच्यापुढे कागद धरून "आधी सही करा" कसं म्हणू? आणि न म्हणावं तर शेवटी जादा कामाचं बिल लावताना हेच साहेब विचारतील, मी कधी सांगितलं? मागच्या शाळेच्या कामात तसंच झालं होतं, तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. तू एकतीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात करारांच्या टेबलावर बसलीस. काहीतरी असा उपाय सांग की साहेबांना राग येणार नाही आणि माझ्याही तोंडाला पानं पुसली जाणार नाहीत.

तुझा,
ठोक्या

९ फेब्रुवारी

प्रिय ठोक्यास,

कान गेलेत, जीभ शाबूत आहे, तेव्हा आधी शिव्या खा. पन्नाशी उलटली तरी तुला कोणी "आपल्यात काय" म्हटलं की तू विरघळतोस. लहानपणी आत्याने गोड बोलून तुझ्याकडून सबंध अंगण झाडून घेतलं होतं, तसाच आहेस अजून.

आता काम ऐक. सही मागूच नकोस. त्यांनी तोंडी सांगितलं की त्याच दिवशी तू पत्र द्यायचं. मजकूर सोबत पाठवते आहे: "आपल्या आजच्या तोंडी सूचनेनुसार खालील जादा काम करीत आहोत. सात दिवसांत लेखी हरकत न आल्यास आपली मान्यता गृहीत धरू." त्याखाली चार रकाने: काम, जागा, माप, दर. जागेचा रकाना मुळीच गाळू नकोस. कुठली भिंत, कुठली खोली, सगळं लिही, म्हणजे उद्या कोणी नाही म्हणणार नाही. एक प्रत डॉक्टरांच्या टेबलावर पोचती कर, पोच घे, दुसरी तुझ्या फायलीत लाव.

आमच्या खात्यात याला आणखी एक रकाना असे, डिझाइनवाल्या इंजिनिअरच्या सहीचा. त्यापायी फाइल दोन-दोन महिने अडकायची. तुझं काम खासगी, मी तो रकाना काढून टाकलाय. एवढं केलंस की तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही.

तुझ्या बायकोला म्हणावं, जपून राहा, जड उचलू नकोस.

ताई

२ एप्रिल

ताई,

तू म्हणजे तूच. पहिलं पत्र दिलं तेव्हा मला घाम फुटला होता. साहेबांनी वाचलं, हसले, म्हणाले, "अरे वा, पद्धतशीर माणूस!" आणि खणात टाकलं. हरकत नाही, सही नाही, राग नाही. सात दिवस झाले, मान्य! आता तो मजकूर दर वेळी कोण लिहीत बसणार, म्हणून मी त्याचा रबरी शिक्काच करून घेतलाय. ठप्प केलं की झालं. मजुरांना इतकी गंमत वाटते की कोणी चहा आणायला निघाला तरी म्हणतात, शिक्का मारून घ्या.

आतापर्यंत पाच पत्रं झाली. वर लाकडी फळ्यांच्या आडोशाऐवजी विटांच्या भिंती. एक्स-रेच्या खोलीला चारी बाजूंनी शिशाचे पत्रे. संडास जोडला, त्यासाठी जमीन उचलून खाली विटांच्या तुकड्यांचा भराव. जुने केसपेपर ठेवायला लोखंडी कपाटांची रांग. गच्चीवर दोन हजार लिटरच्या टाकीऐवजी दहा हजारांची. हातात काम आहे, तोंडात घास आहे, आणखी काय पाहिजे?

एक किरकोळ. वरच्या एका खोलीचं दार बसत नाही. सुताराने दोनदा रंधा मारला, दार पुन्हा घासतं. आणि खाली हॉलच्या छताजवळ एक बारीक रेघ आलीय. आपले म्हातारे गिलावा मिस्त्री, ज्यांच्याकडे मी थापी धरायला शिकलो, त्यांनी पुट्टी भरून ती बुजवली. चार दिवसांनी परत तिथेच. आता रोज जेवण झालं की ते हॉलमध्ये उभे राहून वर बघतात. मी म्हटलं, मिस्त्री, मान आखडेल. ते वरच बघत राहिले.

रेघ माझ्या कामात धरली तर दुरुस्तीचा खर्च माझ्या बोकांडी बसेल का, तेवढं कळव.

ठोक्या

८ एप्रिल

प्रिय ठोक्यास,

शिक्का! एकतीस वर्षांत आमच्या साहेबांनाही हे सुचलं नाही. सूनबाईला वाचून दाखवलं, ती पोट धरून हसली. शाब्बास रे पठ्ठ्या.

रेघेचं म्हणशील तर लगेच पत्र दे: "गिलाव्यावर केसाएवढी रेघ दिसते, ती सुकताना पडलेली असून मूळ बांधकामाशी संबंध नाही." असं तूच आधी लिहून ठेवलंस की उद्या कोणी तुझ्या गळ्यात मारणार नाही. नव्या बांधकामात अशा रेघा येतातच, आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर तर नदीचा नकाशा होता. मिस्त्रींना म्हणावं, वयाप्रमाणे काळजी वाढते.

आता काम संपत आलं असेल, तर सगळ्या पत्रांच्या प्रती मला पाठव. मूळ नकाशाही पाठव. मी सगळं तारखेवार एका तक्त्यात मांडून शेवटच्या बिलाला जोडायला देते. नाहीतरी दिवसभर मला दुसरं काय काम आहे?

ताई

२७ मे

ताई,

प्रती आणि नकाशा वेगळ्या पाकिटात पाठवले आहेत. उशीर झाला, रागावू नकोस. दवाखाना सुरू झाला! वर सात रुग्ण आहेत, एक्स-रे मशीन बसलं, टाकी भरली. खाली हॉलमध्ये बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली असतात. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. ही तर रडलीच.

मिस्त्री उद्घाटनालाही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाले, "रेघ आता दोन बाजूंनी चाललीय, तिरपी." मी चिडलो. म्हटलं, सगळं लिहून दिलंय, मान्य झालंय, तुम्ही का उगाच मनाला लावून घेता? ते निघून गेले. मग दिवसभर मलाच बरं वाटेना. का ते कळत नाही.

ठोक्या

१ जून

ठोक्या,

हे पत्र मिळण्याआधी सूनबाईने तुला फोन केलाच आहे. मीच करायला लावला. तुझं उत्तर तिने मला पाटीवर लिहून दाखवलं: "ताईला सांग, सगळं ठणठणीत आहे." तर आता हे वाच, आणि दोनदा वाच.

काल जेवणाच्या टेबलावर तुझी पत्रं मांडली. तारीख, काम, जागा. लिहीत गेले आणि जागेच्या रकान्यात हात थांबला. विटांच्या भिंती, खोली सात. शिशाचे पत्रे, खोली सात. संडासाचा भराव, खोली सातला लागून. कपाटं, खोली सातची मागची भिंत. टाकी, गच्चीवर, खोली सातच्या डोक्यावर. मी नकाशा उलगडला. खोली सात बरोबर हॉलच्या वर आहे. जे दार बसत नाही ते कुठल्या खोलीचं, हे तू लिहिलं नाहीस, पण मी पैजेवर सांगते.

एकेक पत्र वेगळं वाचलं तर काहीच नाही. थोडं वजन इथे, थोडं तिथे. डॉक्टरांनी पाच वेगळ्या सकाळी पाच वेगळ्या गोष्टी सांगितल्या, तू पाच वेळा शिक्का मारलास, आणि ते सगळं हॉलच्या छताखालच्या एकाच बीमवर जाऊन बसलं. हे सगळं एकत्र कोणी बघितलं? डिझाइनवाल्या इंजिनिअरला एक तरी प्रत गेली? नाही गेली. कारण तो रकाना मी काढून टाकला. इतकी वर्षं मला वाटायचं ती सही म्हणजे नुसती अडवणूक. ती सही म्हणजे एक माणूस, ज्याच्या टेबलावर सगळे बदल एका ठिकाणी जमतात. हे मला सत्तरीला आल्यावर कळलं, ठोक्या. मला स्वतःचीच लाज वाटते आहे.

मी इंजिनिअर नाही. माझं चुकत असलं तर मला हवं तेवढं हस. पण आधी इंजिनिअरला बोलाव. मिस्त्रींची माफी माग आणि त्यांना बरोबर घे.

ताई

४ जून

ताई,

तुझ्यासारखंच हेही बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, म्हणजे आजच मिळेल.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. मग मिस्त्रींच्या घरी गेलो. मी माफी मागेपर्यंत त्यांनी चपला घातल्यासुद्धा. त्यांची जुनी पद्धत आहे. काचेची पातळ पट्टी रेघेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं प्लॅस्टरने चिकटवायची. बांधकाम हललं नाही तर काच शाबूत. परवा दुपारी तीन पट्ट्या लावल्या. काल सकाळी दोन तडकलेल्या होत्या. आज सकाळी तिसरी.

डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, वरचा मजला रिकामा करा, टाकी रिकामी करा. त्यांनी खण उघडला आणि माझीच पत्रं टेबलावर ठेवली. सगळ्यात वर रेघेचं. "मूळ बांधकामाशी संबंध नाही. हे तुम्हीच लिहिलंय ना? सात दिवसांत मी हरकत घेतली नाही, म्हणजे मान्य, हेही तुमचंच. आता एका काचेसाठी मी सात आजारी माणसं रस्त्यावर काढू?" ओरडले नाहीत. शांतपणे बोलले, त्याचीच जास्त भीती वाटली.

ताई, आता जे लिहितोय ते तुला कधीच सांगितलं नव्हतं. हिलाही नाही. नकाशात हॉलच्या मधोमध एक कॉलम आहे, तू पाहिला असशील. तो तिथे नाही. पायाच्या आखणीच्या दिवशी, चुना टाकून झाल्यावर डॉक्टर आले. म्हणाले, हा खांब इथे आला तर स्ट्रेचर वळणार नाही, चार फूट भिंतीकडे घ्या, इंजिनिअरशी मी बोललोय. मी इंजिनिअरला विचारलं नाही. साहेबांचा शब्द कसा पडताळायचा? कॉलम सरकवला, बीममध्ये अंदाजाने दोन सळया जास्त टाकल्या. हे तुझ्या पत्रांच्या आधीचं, म्हणून कुठल्याच कागदावर नाही. मलाही वाटलं, नाही तेच बरं.

म्हणजे ते पाचही बोजे ज्या बीमवर आहेत, तो कॉलम सरकल्यामुळे मुळातच जास्त लांब झालेला बीम आहे. मी हे लिहून दिलं तर माझा धंदा संपला. परवाना जाईल, पोलीसही येतील. नाही दिलं तर डॉक्टर मजला रिकामा करणार नाहीत. मी काय करू? मसुदा पाठव. असा काहीतरी, की मजला रिकामा होईल आणि कॉलमचा उल्लेख येणार नाही. तुला येतं ते.

ठोक्या

४ जून, संध्याकाळी

ठोक्या,

हो, मला येतं. असा मसुदा मी दहा मिनिटांत लिहू शकते. "खबरदारीचा उपाय म्हणून तात्पुरतं स्थलांतर." असं लिहिलं की सगळे आठवडाभर विचार करतील, एक बैठक होईल, आणि त्या बैठकीच्या वेळी हॉलमध्ये माणसं बसलेली असतील.

म्हणून तो लिहीत नाही. सोबत दुसरा आहे, चार ओळींचा. "हॉलमधला कॉलम मी डिझाइनविना चार फूट सरकवला. त्या बीमवर पाच जादा बोजे आहेत. बीमची रेघ वाढते आहे. इमारत ताबडतोब रिकामी करावी." खाली तुझी सही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं, हे त्यात घालू नकोस. ते खरं आहे, पण ते वाक्य घातलंस की सगळे त्याच वाक्यावर भांडतील. ते भांडण नंतर आहेच.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, तुझं दप्तर मी भरलंय. तुला वाचवायला मी आयुष्यभर खोटं बोलले असते. पण वर सात माणसं पडली आहेत, ठोक्या, आणि त्यांना पळता येत नाही.

सूनबाई हे घेऊन उद्या पहिल्या बसने निघते आहे. तिच्यासमोर सही कर. एक प्रत नगरपालिकेत, एक इंजिनिअरला, एक डॉक्टरांना. तुझं जे होईल त्यात मी बरोबर आहे. माझं घर आहे, पेन्शन आहे, आणि माझी चूक तुझ्याहून लहान नाही.

ताई

११ जून

ताई,

सूनबाईने जेवढं पाहिलं तेवढं तुला सांगितलं असेल. ती सहा तारखेला संध्याकाळी निघाली. पुढचं मी सांगतो.

पाच तारखेला सही केली. तिन्ही प्रती दिल्या. डिझाइनवाले इंजिनिअर दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. हॉलमध्ये उभे राहून वर पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्याशी कोणीच बोललं नव्हतं." मग टेकूसाठी आट्यांचे लोखंडी जॅक आणायला सांगितलं. मी आणि मिस्त्रींनी बीमखाली आठ जॅक उभे केले. नगरपालिकेची नोटीस दुपारी लागली. सात तारखेला सकाळपासून रुग्ण हलवायला सुरुवात केली. गाड्या कमी, जिना अरुंद. डॉक्टर माझ्याशी बोलत नव्हते, पण शेवटच्या आजींना त्यांनी स्वतः उचलून खाली आणलं. अकरा वाजता वरचा मजला रिकामा झाला. हॉलही रिकामा. सगळे रस्त्याच्या पलीकडे. मला इतकं हलकं वाटलं ताई, की मी हसलो.

टाकीचं पाणी सोडलेलं होतं, पण हळूहळू उतरत होतं. दारातून आत पाहिलं तर कोपऱ्यातला एक जॅक सैल दिसला. तो सैल झाला म्हणजे बाकीच्यांवर भार जाणार, आणि अजून तासभर तरी पाणी उतरायचं होतं. इंजिनिअर फोन करायला समोरच्या दुकानात गेले होते. मिस्त्री माझ्या शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "मिस्त्री, दोन आटे आवळून येता का?" ते म्हणाले, "येतो की." आत गेले. दुसरा आटा आवळल्याचा आवाज मी ऐकला.

बीम मधूनच मोडला. खोली सात सबंध खाली आली. त्यांना काढायला चार तास लागले. काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

सगळे म्हणतात, सात जीव वाचवलेस. मला ते ऐकवत नाही.

काल पोलीस अधिकाऱ्यांनी बोलावलं. माझी सगळी पत्रं त्यांच्यासमोर होती. त्यांनी विचारलं, इमारत रिकामी झाल्यावर हा माणूस आत कसा गेला? कोणाचा आदेश होता? मी म्हटलं, लेखी काही नाही. त्यांनी पत्रं बाजूला सारली. मग म्हणाले, "म्हातारा माणूस, कामाचा हट्टी. स्वतःहून गेला असेल. तेव्हा तुमच्या जवळ आणखी कोणी नव्हतं, असं दिसतं." डॉक्टरांचे वकील बाजूलाच बसले होते. त्यांनीही मान डोलावली. कॉलमचं तर मी लिहूनच दिलंय, त्याची शिक्षा होईल ती होईल. पण हे एवढं वाक्य खाली लिहिलं की निदान माणूस मारल्याचा ठपका माझ्यावर येणार नाही, असं ते मला समजावत होते. माझ्यापुढे पेन ठेवलं.

ताई, तू जवळ असतीस तर मी तुझ्याकडे बघितलं असतं. तू नव्हतीस. मी लिहिलं, "त्यांना मी आत पाठवलं. तोंडी सांगून." आणि सही केली. वकील उठून गेले.

उद्या मला परत जायचंय, कदाचित तिथेच ठेवून घेतील. हिला सांगितलंय. तिने माझे कपडे काढून ठेवले.

मिस्त्रींची बायको अंत्यविधीनंतर मुलाकडे गेली होती, ती आज दुपारी परत आलीय. आमच्या दारात बसलीय. तिला वाटतंय ते आपल्या जिद्दीनेच आत गेले, तसंच सगळ्यांनी तिला सांगितलंय. मला म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, ते कोणाचं ऐकायचेच नाहीत." आधी बाहेर जाऊन तिला खरं काय ते सांगतो, मग हे पत्र पेटीत टाकतो.

ठोक्या